थ्रेड : चार वर्षांचा मुलगा, पासष्ट किलोमीटर आणि एक मशाल

शिवजयंतीच्या आदल्या रात्री वडखळ नाक्यावर उभे राहिले, की महामार्गावरून एकामागून एक शिवज्योती जाताना दिसतात. रायगडावर पेटवलेली मशाल घेऊन निरनिराळ्या मंडळांची मुले आपापल्या गावी धावत निघालेली असतात. पुढे मशाल, मागे भगवा लावलेला टेम्पो आणि टेम्पोत एकमेकांवर रेलून झोपलेली दमलेली मुले. कोणी सरळ पेणकडे जाते, कोणी नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागते. अकरा वर्षांचा असताना मीही अशाच एका टेम्पोत होतो. माझ्या वाट्याचे अंतर जेमतेम दीड किलोमीटर होते. पण ‘अजून एक फेरी’ असे म्हणत मोठ्यांनी ती मशाल आणखी तीनदा माझ्या हाती दिली. पहाटे गावात पोहोचलो तेव्हा गळ्यात हार होता आणि तळपाय सोलवटलेले होते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. लहान मुलांनी अतिदीर्घ अंतर धावावे काय? डॉक्टर या प्रश्नाचे उत्तर हाडांत आणि हृदयात शोधतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याने निदान एवढे पाहावे, की लांब पल्ल्याचे धावणे आपल्याकडे कोण करीत असे, आणि कशासाठी.

ते पोटासाठी होते. पेशवेकालीन पत्रव्यवहार चाळताना ‘जासूद जोडी’ हे शब्द वारंवार भेटतात. पत्र घेऊन जाणारे जासूद बहुधा दोघे असत. एक आजारी पडला किंवा वाटेत अडकला, तरी दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, अशी त्यात सोय होती. कंपनी सरकारच्या काळात डाकेचा हरकारा आला. खांद्यावर थैली, हातात भाला, भाल्याला घुंगरू. तो साधारण सात-आठ मैल धावे आणि पुढच्या चौकीवर थैली दुसऱ्याच्या खांद्यावर देई. पत्र शेकडो मैल जाई, माणूस मात्र आपल्या टप्प्यापुरताच धावे. ही व्यवस्था काही दयेपोटी उभी राहिली नव्हती. दमलेल्या माणसाच्या हाती डाक सुरक्षित नसते, एवढा रोकडा व्यवहार त्यामागे होता. पण त्यामुळे अंतर अनेकांत वाटले जाई, हेही खरे. शिवज्योतीची रीत याच जातीची आहे.

एकट्याने सबंध अंतर तोडायचे आणि ते लोकांनी पाहायचे, ही गोष्ट त्या मानाने अगदी नवी. मॅरेथॉन ही शर्यतच मुळी 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी योजली गेली. तिचे आजचे 42.195 किलोमीटर हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधून आले. आपल्याकडे हे वारे पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर पोहोचले. तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटांना भारताचा चमू ऑलिंपिकला पाठवण्याची उमेद आली. 1920 साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले 2 तास 50 मिनिटांत धावून एकोणिसावे आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव का नसते, हा वेगळ्या थ्रेडचा विषय आहे.

या शर्यतीत लहान मुले आली ती 1970 च्या दशकात, अमेरिकेत. तिथे तेव्हा धावण्याचे वेड पसरले होते आणि बालविक्रमांना वर्तमानपत्रांत जागा मिळत होती. 1977 मध्ये वेस्ली पॉल हा आठ वर्षांचा मुलगा न्यूयॉर्क मॅरेथॉन तीन तास आणि काही सेकंदांत धावला. कौतुक झाले आणि त्यापाठोपाठ धास्तीही वाटू लागली. 1981 मध्ये त्या शर्यतीने किमान वय 16 केले आणि 1988 मध्ये 18. आज मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनलाही अठराची अट आहे. थोडक्यात, ही अट पुरातन शहाणपणातून आलेली नाही. मुले धावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग कोणाला तरी भीती वाटली. त्या भीतीतून ती आली.

भारतात या प्रश्नाला चेहरा मिळाला तो बुधिया सिंगचा. भुवनेश्वरच्या झोपडवस्तीतला, 2002 साली जन्मलेला हा मुलगा. वडील वारलेले. आईने त्याला 800 रुपयांना एका फेरीवाल्याला विकले होते. ज्युदोचे प्रशिक्षक बिरंची दास यांनी त्याला आपल्याकडे आणले. त्याच्या अंगी धावण्याचा विलक्षण चिवटपणा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. 2 मे 2006 रोजी चार वर्षांचा बुधिया पुरीच्या जगन्नाथ मंदिरापासून भुवनेश्वरच्या दिशेने धावत निघाला. 7 तास आणि 2 मिनिटांत त्याने 65 किलोमीटर कापले. ठरलेले सत्तर पुरे होण्याआधीच तो कोसळला. आपल्या भागातल्या वाचकांसाठी सांगायचे, तर पेणहून वडखळमार्गे अलिबागला जावे, परत पेणला यावे, आणि तरीही चार-पाच किलोमीटर उरावेत. मे महिन्यात.

लिम्का बुकमध्ये त्याचे नाव गेले. त्याच महिन्यात वैद्यकीय तपासणी झाली. मूल कुपोषित आहे, रक्त कमी आहे, हृदयावर ताण आहे, असा निष्कर्ष निघाला. सरकारने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घातली. 2007 मध्ये तो सरकारी क्रीडा वसतिगृहात गेला. एप्रिल 2008 मध्ये बिरंची दास यांची गोळ्या झाडून हत्या झाली. पुढे माहितीपट निघाला, 2016 साली हिंदी चित्रपटही आला. मोठा बुधिया मात्र ऑलिंपिकपर्यंत पोहोचला नाही.

इथे निवाडा सोपा वाटतो, पण तसा तो नाही. अमेरिकेतल्या ट्विन सिटीज मॅरेथॉनमध्ये 1982 ते 2007 या काळात 7 ते 17 वर्षांच्या 310 मुलांनी शर्यत पूर्ण केली, आणि त्यांपैकी केवळ चौघांना वैद्यकीय मदत लागली, तीही किरकोळ. ‘लांब धावले की मूल मोडते’ असे सरसकट म्हणणाऱ्याने हा आकडा विसरू नये. अर्थात ती मुले घरून पोटभर खाऊन, तयारी करून आलेली असणार. आणि त्या दिवसापुरती नोंद म्हणजे पुढच्या दहा वर्षांच्या गुडघ्यांची नोंद नव्हे.

दुसरी अडचण अधिक बोचते. ज्याची किंमत एकदा 800 रुपये ठरली होती, त्याला त्या धावण्याने अन्न, छप्पर आणि नाव दिले. बंदी घालणाऱ्या सरकारला तो दिसला, तोही धावल्यामुळेच. न धावणारे शेजारचे पोर कुणाला दिसले?

तरीही माझे मत अठराच्या अटीच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण वैद्यकीय नाही. चार वर्षांच्या मुलाच्या ‘हो’ला वजन नसते. ज्याच्या घासावर आपण जगतो, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. अकराव्या वर्षी मला कोणी मारलेही नव्हते, विकलेही नव्हते, तरी चौथ्यांदा मशाल पुढे आली तेव्हा ‘नको’ हा शब्द मला सुचलाच नाही. सगळे माझ्या नावाने ओरडत होते.

अट म्हणजे मुलांनी धावू नये असे नव्हे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच धावली, पुढे पाच आणि दहा हजार मीटरमध्ये तयार झाली. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक तिने जिंकले तेव्हा ती पंचविशीची होती; दक्षिण आशियाई स्पर्धेतली मॅरेथॉन जिंकली ती 2016 मध्ये, तिशीत. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खोतून धावण्याकडे आली. दोघींच्याही वाटेत टप्पे आहेत.

गेल्या वर्षी मी पुन्हा ज्योतीबरोबर गेलो, या वेळी मोठ्यांत. आमच्या आळीतला अकरा वर्षांचा एक मुलगा दोन फेऱ्या धावला आणि तिसरी मागू लागला. टेम्पोतले सगळे त्याच्या नावाचा गजर करीत होते. मी त्याच्या हातातून मशाल घेतली आणि त्याला आत बसवले. तो इतका रुसला, की कोलाडपासून नागोठण्यापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. वडखळ आले तेव्हा तो झोपला होता.