मासळीची ॲलर्जी आणि फिश ऑइलची कॅप्सूल : घेण्यापूर्वी काय तपासावे?

भूम परिसरातील वस्त्यांमध्ये काम करताना आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण फिश ऑइलच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आला. लहानपणी सुकट खाल्ली की त्याच्या अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. बाटली विकणाऱ्या ओळखीच्या माणसाने त्याला सांगितले होते, “हे तेल आहे, मासा नाही. काही होत नाही.” हे बोलणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे माहीत नसेल तर जिवावर बेतू शकते, म्हणून ही माहिती.

ॲलर्जी नेमकी कशाची?

‘मासळीची ॲलर्जी’ या एका नावाखाली दोन वेगळ्या ॲलर्जी येतात. रोहू, कटला, बांगडा, बोंबील हे मासे. त्यांची ॲलर्जी बहुतेकदा पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनामुळे होते. कोळंबी, खेकडा आणि जवळा हे कवचधारी प्राणी. त्यांच्यातले मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. दोन्ही प्रथिने शिजवून किंवा वाळवून सहसा निष्प्रभ होत नाहीत. म्हणून वाळलेल्या मासळीनेही त्रास होतो.

आपल्याकडे समुद्र नाही, पण तलावातली रोहू-कटला आणि बाजारातली सुकी मासळी घरोघरी असते. जवळ्याने त्रास होणाऱ्याला माशाने होईलच असे नाही. उलट, रोहूने त्रास होणाऱ्याला समुद्रातल्या माशानेही होऊ शकतो, कारण पार्व्हाल्ब्युमिन दोन्हीकडे असते.

आणखी एक गोष्ट. बांगडा, सुरमई यांसारखी मासळी नीट थंड ठेवली नाही तर तिच्यात हिस्टामाइन तयार होते. ती खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते. ही ॲलर्जी नसून विषबाधा असते. म्हणून एकदा त्रास झाला म्हणजे आयुष्यभराची ॲलर्जी, असे स्वतःच ठरवू नये. त्वचेवरची किंवा रक्ताची तपासणी करून डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी.

तेलात धोका किती?

ॲलर्जी प्रथिनामुळे होते आणि तेल म्हणजे चरबी. चांगल्या शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन अत्यल्प उरते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माशांची ॲलर्जी असलेल्या ६ जणांना फिश ऑइल देऊन पाहिले गेले. एकालाही रिॲक्शन आली नाही. मात्र ६ ही संख्या फार लहान आहे आणि प्रत्येक कंपनीचे शुद्धीकरण सारखे नसते. सीफूडची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला फिश ऑइलनंतर तीव्र रिॲक्शन आल्याची नोंदही वैद्यकीय नियतकालिकात आहे. म्हणजे धोका बहुतेकांना कमी आहे, शून्य नाही. ज्यांना पूर्वी श्वास लागणे, चक्कर येणे असा गंभीर त्रास झाला आहे, त्यांनी ॲलर्जीतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये.

बाटलीवर काय पाहावे?

- तेल कशाचे आहे? ‘क्रिल ऑइल’ असेल तर क्रिल हा कोळंबीच्या जातीतला प्राणी आहे. कोळंबी-जवळ्याची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावे.
- कवच कशाचे आहे? जिलेटिन बहुधा गाय किंवा डुकरापासून बनते, कधी माशापासूनही.
- सोबत काय आहे? सांधेदुखीच्या गोळ्यांतले ग्लुकोसामाइन अनेकदा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात.
- ॲलर्जीची सूचना आहे का? एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार मासे आणि कवचधारी प्राण्यांची स्वतंत्र सूचना द्यावी लागते.
- १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना आहे का?

तपकिरी त्रिकोण फक्त मांसाहारी असल्याचे सांगतो, कोणता प्राणी ते सांगत नाही. शिवाय ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असते, मराठीत देण्याचे बंधन नाही. वस्तीतल्या आजीला ते लेबल वाचून दाखवणे हे शिकलेल्या मुलामुलींचे काम आहे.

रिॲक्शन कशी ओळखावी?

माशाच्या वासाचे ढेकर, मळमळ, पातळ जुलाब हे बहुधा तेलाचे नेहमीचे दुष्परिणाम असतात. गांधी उठणे, ओठ-जीभ-पापण्या सुजणे, घसा आवळणे, छातीत घरघर, वारंवार उलट्या, चक्कर ही ॲलर्जीची लक्षणे आहेत. ती काही मिनिटांत किंवा साधारण दोन तासांत दिसतात. श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नये. रुग्णाला आडवे झोपवावे. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू नये. १०८ ला फोन करावा. दवाखान्यात मांडीत दिले जाणारे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हा मुख्य उपचार आहे. नुसत्या खाजेच्या गोळीवर विसंबू नये. रिकामी बाटली सोबत न्यावी.

शिबिर घेणाऱ्यांसाठी

जयंतीच्या आरोग्य शिबिरात कोणी कॅप्सूल फुकट वाटायला तयार असेल, तरी आधी तीन प्रश्न विचारा : कोणत्या मासळीने त्रास होतो? काय त्रास होतो? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? एकाचेही उत्तर ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ असेल तर कॅप्सूल देऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा.

मुळात निरोगी तरुणाला या बाटलीची गरज असतेच असे नाही. जवसाच्या चटणीत वनस्पतीजन्य ओमेगा-३ असते. शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलते, हे खरे. डॉक्टरांनी तोच प्रकार घ्यायला सांगितला तर शेवाळापासून काढलेले तेलही मिळते, त्यात मासा नसतो.

त्या तरुणाच्या बाटलीवर कवच कशाचे, हे लिहिलेलेच नव्हते. आम्ही ती परत करायला लावली आणि त्याला तपासणीसाठी पाठवले. विकणारा ओळखीचा होता, पण त्याच्याकडेही या प्रश्नाचे उत्तर नव्हते.