पासष्टीची मुदत

अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स या गावी, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या नावाच्या ग्रंथालयात, ३० जुलै १९६५ रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पासष्टी गाठलेल्या वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या, म्हणजे ‘मेडिकेअर’च्या, कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडून वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या पदरी अपयश आले होते त्या ट्रुमन यांचा अर्ज त्या प्रसंगी भरण्यात आला, तेव्हा साक्षीदार म्हणून त्यावर सही केली ती खुद्द जॉन्सन यांनी. त्या समारंभातील भाषणांहून मला हा साधा छापील अर्ज अधिक बोलका वाटतो, कारण अर्ज कोणी करावा आणि कोणत्या मुदतीत करावा, या प्रश्नाने या योजनेची पाठ पुढे कधीच सोडली नाही.

योजनेचे मूळ भाग दोन. इस्पितळाच्या खर्चाचा पहिला भाग पगारातून कापलेल्या करावर चालणारा. डॉक्टरांच्या फीसाठी असलेला दुसरा, म्हणजे ‘बी’ भाग ऐच्छिक, आरंभी दरमहा ३ डॉलर वर्गणीचा, आणि तितकीच भर सरकारी खजिन्यातून पडावयाची. ऐच्छिक म्हटले की विम्याचा सनातन पेच उभा राहतो : निरोगी माणूस वर्गणी टाळतो आणि तहान लागल्यावर विहीर खणावयास धावतो. त्यावर इलाज म्हणून कायद्याने मुदत घातली. ती १ सप्टेंबर १९६५ पासून ३१ मार्च १९६६ पर्यंतची. जो चुकला त्याने १९६७ च्या ऑक्टोबरपर्यंत थांबावे, उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे वर्गणीत दहा टक्के दंड सोसावा, आणि पहिल्या संधीपासून तीन वर्षे उलटली तर दार कायमचेच बंद.

एवढी कठोर मुदत घातल्यावर तिची वार्ता घरोघर पोहोचविणे हे आपलेच कर्तव्य आहे, असे त्या वेळच्या सरकारने मानले, हे मला या इतिहासातील सर्वांत उजळ पान वाटते. निवृत्तिवेतनाच्या दप्तरी ज्यांची नावे होती त्यांना टपालाने अर्ज गेले. ज्यांची नव्हती त्यांच्यासाठी दारिद्र्यनिर्मूलनाच्या खात्याने वृद्धांनाच कामावर घेऊन दारोदार पाठविले, आणि अरण्यांत एकाकी राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा शोध घेण्यास वनरक्षकांनाही सांगण्यात आले. एवढे करूनही कित्येक राहिले, तेव्हा मुदत ३१ मेपर्यंत वाढविण्यात आली. १ जुलै १९६६ रोजी योजनेचा अंमल सुरू झाला त्या दिवशी सुमारे १ कोटी ९० लाख वृद्ध तिच्या छत्राखाली आले होते.

पुढे कायदा मवाळ होत गेला. नव्याने पात्र होणाऱ्यांसाठी पासष्टाव्या वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, अशी सात महिन्यांची पहिली मुदत कायम राहिली. पण चुकलेल्यांसाठी दरवर्षी जानेवारी ते मार्च अशी नोंदणी सुरू झाली आणि १९७२ च्या दुरुस्तीने तीन वर्षांची अट गेली. तरीही जानेवारीत अर्ज करणाऱ्याला संरक्षण मिळावयाचे ते जुलैत. हा अन्याय दूर व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. दहा टक्क्यांचा दंड मात्र आजही बहुधा जन्मभर चिकटतो.

‘बी’ भाग साधारणतः मान्य खर्चाचे ऐंशी टक्के देतो; उरलेल्या वीस टक्क्यांसाठी खाजगी कंपन्यांच्या पूरक पॉलिशा निघाल्या, ज्यांना तिकडे ‘मेडिगॅप’ म्हणतात. या बाजारात भयभीत वृद्धांच्या गळ्यात एकावर एक पॉलिशा मारल्या जात, हे १९७८ मध्ये काँग्रेस-सदस्य क्लॉड पेपर यांच्या समितीने चव्हाट्यावर आणले. १९९० च्या कायद्याने या पॉलिशा ठराविक नमुन्यांत बसविल्या आणि एक मोठी मुभा दिली : पासष्टी गाठून ‘बी’ भागात आल्यापासून सहा महिने कंपनीने कोणालाही, कसल्याही व्याधीमुळे, नाकारू नये. ही सहामाही सरली की बहुतेक राज्यांत, काही ठराविक प्रसंग वगळता, कंपनी प्रकृतीची चौकशी करून पॉलिसी नाकारू शकते. मेडिकेअरच्या खाजगी व औषधविम्याच्या योजना बदलण्यासाठी असलेल्या, १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या दर वर्षीच्या नोंदणीचा जाहिरातींतून एवढा गाजावाजा होतो, की पूरक पॉलिसीही तेव्हाच बिनशर्त मिळते असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे, आणि मधुमेह जडलेल्या माणसाला तो फार महाग पडतो.

न्यू जर्सीतल्या लेकाकडे कायम राहावयास गेलेल्या पुण्याच्या आईला पाच वर्षांच्या सलग कायदेशीर वास्तव्यानंतर, तिथे एक दिवसही नोकरी केलेली नसली, तरी ‘बी’ भाग वर्गणी भरून घेता येतो. मात्र पुण्यात परतल्यावर तिच्या इस्पितळाचे बिल मेडिकेअर सहसा भरत नाही. काही पूरक पॉलिशा तेवढ्या परदेशप्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतील तातडीच्या उपचारांचा बराचसा भार उचलतात. तिला टपालाने येणाऱ्या लाल-निळ्या पट्ट्यांच्या कार्डावर ‘बी’ भाग कधी सुरू झाला ती तारीख छापलेली असते. लेकाने ते कार्ड कपाटात ठेवण्यापूर्वी त्या तारखेपासून सहा महिने मोजावेत आणि शेवटचा दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावा.