शेजारच्या तणाची मोजदाद: डार्विन ते कझन्स

तण वाढले की पीक घटते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण किती तणांनी किती घटते? या साध्या प्रश्नाचे गणित बसायला बराच काळ गेला.

डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथापासून सुरुवात करू. त्याने ३ फूट लांब, २ फूट रुंद जमीन साफ केली आणि उगवणाऱ्या प्रत्येक तणावर खूण ठेवली. ३५७ पैकी २९५ रोपे मेली. हा आकडा वाचून ‘पाहा, स्पर्धा!’ असे म्हणायचा मोह होतो. पण नीट वाचा: डार्विनने दोष मुख्यतः गोगलगायी आणि किड्यांना दिला आहे. शेजाऱ्याने घेतलेला बळी त्याच्या दुसऱ्या नोंदीत दिसतो. ४ बाय ३ फुटांच्या, नेहमी कापल्या जाणाऱ्या हिरवळीत २० जाती होत्या. ती मोकळी वाढू दिल्यावर जोमदार जातींपुढे ९ जाती नाहीशा झाल्या.

१९६० मध्ये नेदरलँड्सच्या डी विट यांनी एकूण रोपसंख्या स्थिर ठेवून दोन जातींचे प्रमाण बदलण्याची पद्धत मांडली. तुलना करायला ती सुबक आहे. पण शेतात कोणी तणाला जागा मिळावी म्हणून पीक विरळ पेरत नाही! तण वरून भर घालते.

ही भर १९८५ मध्ये रॉजर कझन्स यांच्या सूत्रात नेमकी आली:

घट (टक्के) = क×त ÷ (१ + क×त÷म)

त म्हणजे दर चौरस मीटरला तणे, क म्हणजे तण विरळ असताना दर तणामागे होणारी घट, म म्हणजे कमाल घट. समजा क = २, म = ५०. तणे ५ असतील तर घट सुमारे ८.३ टक्के, २५ असतील तर २५, १०० असतील तर ४०. म्हणजे पहिली तणे सर्वांत महाग पडतात. पुढे दाटी झाली की प्रकाश, पाणी आणि नत्रासाठी तणे एकमेकांशीच झगडतात, त्यामुळे प्रत्येकाचा वाटा घटतो.

मात्र या सूत्रात तण कधी उगवले याला जागा नाही. पिकाबरोबर उगवलेले तण आणि पिकाची सावली पडल्यावर उगवलेले तण यांत मोठा फरक असतो. म्हणून १९९१ मध्ये क्रॉफ आणि स्पिटर्स यांनी तणांच्या संख्येऐवजी त्यांच्या पानांच्या क्षेत्रफळाचा वाटा धरला.

वरच्या सूत्रात त = ५० ठेवून घट काढून पाहा.