कच्चे मडके : संतमंडळातील डिवचणे आणि त्याची स्मृती

१

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठच्या नरसी-बामणी या गावाने आपल्या नावालाच संताचे नाव जोडून घेतले आहे. नामदेवांचे जन्मस्थान पंढरपूर की नरसी, आणि नरसी असल्यास ती कोणती, याविषयी संशोधकांचे एकमत नाही. तरीही ‘नरसी नामदेव’ हे जोडनाव लोकव्यवहारात स्थिर झालेले आहे. नामदेवांविषयीचा हा अभिमान एका बाजूला आणि नामदेवांविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी कथा दुसऱ्या बाजूला ठेवली, तर एक विसंगती ठळकपणे जाणवते. ती कथा गौरवाची नाही, अवमानाची आहे. भरल्या मंडळीत नामदेवांच्या डोक्यावर कुंभाराचे थापटणे पडते, त्यांना ‘कच्चे मडके’ ठरवले जाते आणि उपस्थित संत हसतात. संप्रदायाने आपल्या एका थोर कवीची ही फजिती झाकून ठेवली नाही. कीर्तनांतून आणि संतचरित्रांतून ती आवर्जून सांगितली. असे का घडले असावे, हा प्रश्न केवळ चरित्राचा नाही. भक्तांच्या समूहातील वाग्व्यवहार कोणत्या संकेतांनी नियंत्रित होत होता, डिवचणे केव्हा साधना ठरत होते आणि केव्हा हिंसा, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

२

कथेचा सांगाडा सर्वपरिचित आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंची दृष्टी गोरोबांच्या थापटण्याकडे जाते आणि त्या त्याचा उपयोग विचारतात. मडकी पक्की की कच्ची ते याने कळते, असे उत्तर मिळताच, आम्हीही मडकीच आहोत, आमचीही पारख करा, असे त्या सुचवतात. गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत जातात. इतर सारे निमूट राहतात, नामदेव मात्र संतापतात आणि तोच त्यांच्या कच्चेपणाचा पुरावा मानला जातो. प्रसंगाचे स्थळ व तपशील यांबाबत सर्व पाठ एकसारखे नाहीत, परंतु ही रचना कायम राहते.

या रचनेत तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे डिवचण्याचा आरंभ मंडळातील सर्वांत लहान व्यक्तीकडून, तोही एका मुलीकडून होतो. परंपरेने मानलेली सनावळी स्वीकारली, तर मुक्ताबाईंचा जन्म १२७९चा आणि ज्ञानदेवांची समाधी १२९६ची. म्हणजे हा प्रसंग कल्पिताना मुक्ताबाईंचे वय सतराच्या पुढे नेता येत नाही. दुसरी गोष्ट गोरोबांच्या वडीलपणाची. ‘गोरोबाकाका’ हे संबोधन त्यांना परीक्षकाचा अधिकार देते. मात्र त्याच सनावळीनुसार त्यांचा जन्म १२६७चा व नामदेवांचा १२७०चा, म्हणजे अंतर अवघ्या तीन वर्षांचे. येथील ‘काका’पण वयाचे नसून कथेच्या गरजेचे आहे. तिसरी गोष्ट अशी की, शास्त्रपंडिताऐवजी येथे कारागिराचे हत्यार प्रमाण ठरते. ज्ञानाची पारख पोथीने न होता कुंभाराच्या लाकडी थापीने होते. वयाने लहान मुलगी, जातीने कुंभार असलेला परीक्षक आणि हातातले थापटणे, या तिन्हींमुळे प्रस्थापित उतरंड क्षणभर उलटी होते. हशा पिकतो तो या उलथापालथीतून.

तथापि ही उलथापालथ निर्हेतुक नाही. विनोदाच्या पोटात एक सांप्रदायिक युक्तिवाद दडलेला आहे. नामदेव हे विठ्ठलाशी सलगीने बोलणारे सगुणभक्त. तर निवृत्तिनाथांपासून मुक्ताबाईंपर्यंतच्या भावंडांच्या पाठीशी नाथपंथीय गुरुपरंपरा उभी आहे. ‘कच्चे’ या निर्णयाचा अर्थ पुढे स्पष्ट केला जातो तो असा की, नामदेवांना गुरू नाही. प्रत्यक्ष देवाशी सख्य असूनही गुरूवाचून भक्ती पूर्ण होत नाही, हा सिद्धांत वादविवादाने मांडण्याऐवजी चेष्टेने मांडला गेला आहे. ज्याला प्रतिवाद करायचा, तो आधीच हास्यास्पद ठरलेला असतो. चेष्टेचे हे सामर्थ्य आहे आणि तिच्यातील अन्यायही याच ठिकाणी आहे.

३

अपमानित झालेले नामदेव पंढरपुरास जाऊन विठ्ठलाकडे गाऱ्हाणे मांडतात. तेथेही त्यांची बाजू घेतली जात नाही, उलट विसोबा खेचरांकडे जाण्याची आज्ञा होते. हे विसोबा कोण? आळंदीच्या कथांमध्ये तेच विसोबा चाटी म्हणून येतात. संन्याशाची पोरे म्हणून या भावंडांची हेटाळणी करण्यात ते पुढे असतात. मुक्ताबाईंना मांडे भाजण्यासाठी खापर हवे असते. ते कुंभारांनी देऊ नये अशी तजवीज विसोबा करतात आणि ज्ञानदेवांना आपल्या पाठीवर मांडे भाजू द्यावे लागतात. तो चमत्कार पाहून पश्चात्ताप झालेले विसोबा उष्टे खाण्यासाठी पुढे सरसावतात, तेव्हा ज्ञानदेव त्यांना ‘खेचर’ म्हणून दूर सारतात, असे सांगितले जाते.

‘खेचर’ या शब्दाची मौज अशी की, व्यवहारात तो घोडी आणि गाढव यांच्या संकरातून झालेल्या जनावराचा वाचक आहे. संस्कृतात मात्र ‘ख’ म्हणजे आकाश, त्यात संचार करणारा तो खेचर. योगपरिभाषेतील खेचरी मुद्रेचे स्मरणही त्यातून होते. एकाच उच्चारात शिवी आणि पदवी एकत्र नांदतात. विसोबांनी ते नाव टाकले नाही, धारण केले. शिवी ज्याला दिली जाते तो तिचा स्वीकार करून तिचा अर्थ बदलू शकतो, ही भाषिक शक्यता या नावात साठवलेली आहे. कुंभाराचे खापर अडवून धरणारा माणूस पुढे कुंभाराने नापास केलेल्या भक्ताचा गुरू होतो, ही योजना तर केवळ योगायोगाची वाटत नाही.

परंपरा गुरुभेटीचे स्थळ नरसीच्याच परिसरातील औंढा नागनाथ येथे दाखवते. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले असतात. नामदेव आक्षेप घेतात, तेव्हा देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे उत्तर मिळते. आणि पाय जेथे न्यावेत तेथे लिंग प्रकटते. धार्मिक भावनेला जाणूनबुजून धक्का देऊन तिच्यातील मर्यादा दाखवून देण्याचा हा प्रकार आहे. गुरू नानकांच्या जनमसाख्यांमध्ये मक्केच्या प्रसंगी याच कल्पनेचे रूप आढळते. नामदेवांच्या नावावरील ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, हे लक्षात घेता दोन परंपरांतील हे साम्य अभ्यासकांना दुर्लक्षून चालणार नाही. मात्र कोणी कोणाकडून घेतले याचा निवाडा केवळ साम्यावरून करता येणार नाही. प्रस्तुत विषयापुरता मुद्दा इतकाच की, थापटण्याचा आघात आणि पायांचा आघात या दोन्हींचे प्रयोजन एक आहे, परंतु परिणाम भिन्न आहे. मंडळीतील चेष्टेने नामदेव दुखावले. एकान्तातील आगळिकीने ते विचार करू लागले. पहिल्या ठिकाणी त्यांना हसणारे प्रेक्षक होते, दुसऱ्या ठिकाणी प्रश्न विचारण्यास अवकाश होता.

४

एवढ्यावरून संतमंडळातील प्रत्येक उपमर्द पावन मानण्याचा मोह होण्याचा संभव आहे. त्यास प्रत्युत्तर नामदेवांच्या नावावरील एक पदच देते. गुरू ग्रंथसाहिबातील भैरव रागातील या पदात, हसतच देवळात आलेल्या नामदेवांना हीन जातीचे म्हणून भजन करीत असतानाच धरून उठवल्याची हकिकत येते. ते आपली घोंगडी उचलून मागे जाऊन बसतात आणि देऊळच त्यांच्याकडे वळते. मराठी परंपरा हा प्रसंगही औंढ्याचाच मानते. एकाच देवळाभोवती अवमानाच्या दोन कथा अशा रीतीने उभ्या राहिल्या आहेत. विसोबांच्या वर्तनाने नामदेवांची श्रद्धा दुखावते, पण त्यांचे तेथे असणे नाकारले जात नाही. पुजाऱ्यांच्या वर्तनाने त्यांचे असणेच नाकारले जाते. पहिल्या अवमानाला उत्तर देता येते. दुसऱ्याला उत्तर देण्याची जागाच हिरावली जाते आणि म्हणून देऊळ फिरण्याचा चमत्कार कथेला आवश्यक होतो.

हाच निकष पुढे नेला तर मंडळाच्या मर्यादाही उघड होतात. थापटणे ज्यांच्या मस्तकावर पडते त्यांना मंडळीत बसण्याचा अधिकार आधीच मिळालेला असतो. चोखोबांना पंढरीच्या मंदिराचे दार बंद होते. मंगळवेढ्यास भिंत कोसळून १३३८मध्ये त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. तरीही त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच, नामदेव पायरीच्या समोर आहे. त्या दारातून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना आत जाता यावे यासाठी साने गुरुजींना १९४७मध्ये उपोषण करावे लागले. संतांमधील चेष्टेची समता देवळाच्या व्यवस्थेपर्यंत पोचू शकली नाही, हे यावरून दिसते.

जनाबाईंच्या नावावरील काही अभंगांत डिवचण्याची दिशाच बदलते. तेथे देवालाच एकेरीत हाक मारली जाते, त्याला शिव्याशाप दिले जातात, त्याच्या मरणाची भाषा केली जाते. नामदेवांच्या घरची दासी म्हणवणाऱ्या स्त्रीच्या तोंडी ही भाषा आहे. ती खालून वर जाणारी असल्याने तिच्यात दहशत नाही, हक्क आहे. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत मात्र देवाला विचारलेल्या जाबात लडिवाळपणा जवळजवळ उरत नाही. उष्टे खाणाऱ्याच्या वाट्याला आलेले जिणे तेथे देवापुढे तक्रार म्हणून मांडले जाते. देवाशी भांडण हा एकच काव्यसंकेत आहे, पण बोलणाऱ्याचे सामाजिक स्थान बदलताच त्याचा स्वर बदलतो. भक्तिकाव्यातील ‘प्रेमकलह’ ही संज्ञा सरसकट वापरणाऱ्या समीक्षेने हा भेद पुरेसा नोंदवलेला नाही.

५

वादाला थेट संवादाचे रूप मिळते ते परिसा भागवत यांच्या प्रकरणात. परिसा हे पंढरपूरचे ब्राह्मण भक्त. शिंप्याच्या भक्तीची प्रतिष्ठा त्यांना सहन होत नाही. त्यांच्याजवळील परीस त्यांच्या पत्नीकडून राजाईकडे येतो, नामदेव तो चंद्रभागेत टाकतात, चोरीचा आळ येतो आणि नदीतून ओंजळभर काढलेले सारेच खडे परीस निघतात, ही कथा प्रसिद्ध आहे. उभयतांचा संवाद नामदेवांच्या गाथेत समाविष्ट आहे. गाथेची संहिता अनेक ‘नाम्यां’च्या रचना मिसळून वाढलेली असल्याने हा संवाद ऐतिहासिक नामदेवांचाच असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु प्रतिपक्षाचे जातिविषयक टोमणे गाळून न टाकता ते गाथेत राहू दिले गेले, ही वस्तुस्थिती महत्त्वाची आहे. उत्तर जतन करायचे तर आक्षेपही जतन करावा लागतो, याची जाण या संकलनामागे दिसते.

त्याहून कठीण कसोटी पाहणारा भाग म्हणजे नामदेव पूर्वायुष्यात वाटमारी करीत होते असे सांगणारा मजकूर. चौऱ्यांशी स्वारांचा वध, औंढ्याच्या देवळात भेटलेली एका मृत स्वाराची पत्नी आणि त्यानंतरचा अनुताप, असा तो वृत्तान्त आहे. रा. द. रानडे यांनी मराठी संतांवरील आपल्या १९३३च्या इंग्रजी ग्रंथात तो विचारात घेतला. अनेक अभ्यासकांना व भाविकांना तो अग्राह्य वाटतो आणि तो दुसऱ्या एखाद्या नाम्याचा किंवा प्रक्षिप्त मानण्याकडे कल असतो. संहितासमीक्षेच्या दृष्टीने ही शंका रास्त आहे. मात्र संताच्या प्रतिमेला बाधक म्हणून मजकूर नाकारणे आणि पुराव्याच्या आधारे नाकारणे, या दोन भिन्न कृती आहेत.

हा भेद पुसट झाला की काय होते, ते अलीकडच्या इतिहासात दिसले. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील चित्रणावरून वारकऱ्यांच्या एका गटाने आक्षेप घेतला. लेखकाने क्षमा मागितली, तरी २००९च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा त्यांना राजीनामा द्यावा लागला. कादंबरीच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्र आहे. परंतु ज्या परंपरेने आपल्या संताला भर मंडळीत नापास झालेला दाखवले, तिच्याच नावाने काल्पनिक चित्रण असह्य ठरावे, हे संक्रमण विचार करण्याजोगे आहे. महिपतींनी १७६२मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त संतांचे रुसवे, हेवे आणि फजित्या भक्तिभावानेच वर्णिल्या आहेत. तेथे आदर आणि उपहास परस्परविरोधी नव्हते. ते पुढे परस्परविरोधी झाले याची कारणे भक्तीत शोधण्यापेक्षा संतांना समाजाच्या, जातीच्या आणि गावाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह बनवणाऱ्या आधुनिक व्यवहारात शोधावी लागतील.

६

अखेरीस पुन्हा थापटण्याकडे वळणे उचित ठरेल. कुंभारकामात थापटण्याचे मुख्य काम पक्क्या मडक्याची पारख करणे हे नव्हे. ओलसर, अर्धवट सुकलेल्या मडक्यात आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत त्याला आकार द्यायचा, अशी ती रीत आहे. आतला हात नसेल तर बाहेरच्या ठोक्याने मडके बसते. भाजून पक्के झालेल्या मडक्याचा आकार मात्र थापटण्याने बदलत नाही. फार तर ते फुटते. कथेच्या या व्यावसायिक संदर्भाकडे लक्ष दिले, तर ‘कच्चे’ हा शब्द केवळ दूषण राहत नाही. मंडळीत ज्याला अजून आकार देता येईल असा एकटाच होता, तो नामदेव.

ज्ञानदेवांच्या समाधीनंतर नामदेव अर्धशतकाहून अधिक काळ जगले; १३५० हे त्यांच्या निर्वाणाचे मानलेले वर्ष आहे. पंजाबातील घुमानपर्यंत त्यांची स्मृती पोचली आणि २०१५मध्ये मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले. पक्क्या ठरलेल्या मंडळींचा निकाल आणि कच्च्या ठरलेल्या कवीची वाटचाल यांतील अंतर या कथेने मुद्दाम उघडे ठेवले आहे. नामदेवांच्या रागाला तिने खोटे ठरवले नाही. तो राग घेऊन विठ्ठलापर्यंत आणि तेथून औंढ्यापर्यंत जाण्याची वाट त्यांना मोकळी ठेवली. थापटण्याला आतून आधार देणारा हात होता की नव्हता, हाच डिवचणे आणि छळणे यांतील भेद. औंढ्याच्या पुजाऱ्यांच्या आणि आळंदीच्या हेटाळणीखोरांच्या हातांत थापटणे होते, आत हात नव्हता. समूहातील उपहासाची चिकित्सा करताना शब्द किती बोचरा होता हे मोजण्याआधी हा आतला हात शोधणे आवश्यक आहे.