ठशाने काय सिद्ध होते?

निवडणुकांवरचा विश्वास डळमळला की एक उपाय हमखास पुढे येतो: मतदाराच्या बोटाचा ठसा यंत्राने पडताळा, बोगस मतदान थांबेल आणि निकाल सर्वांना मान्य होईल. हे मत निराधार नाही. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मारली गेली, आणि पुढे त्या निवडणुकीची चौकशी करणाऱ्या क्रीग्लर आयोगाने तिथल्या मतदारयादीत सुमारे १२ लाख मृतांची नावे असल्याचा अंदाज दिला. अशी यादी साफ करायला, दुबार नावे हुडकायला ठसे उपयोगी पडतात, यात वाद नाही.

वाद पुढच्या पायरीचा आहे. समोरचा माणूस यादीतलाच आहे, एवढेच ठसा सांगतो. त्याचे मत नीट मोजले गेले का, केंद्रावरचा आकडा राजधानीत पोचेपर्यंत तोच राहिला का, यावर तो मुका आहे. त्याच केनियात ८ ऑगस्ट २०१७ ला ओळख पटवणारी यंत्रे २०१३ पेक्षा पुष्कळच बरी चालली. तरीही १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूक ४ विरुद्ध २ अशा बहुमताने रद्द ठरवली. कित्येक केंद्रांची ‘फॉर्म ३४ए’ ही निकालपत्रके हाती येण्याआधीच निवडणूक आयोगाने निकाल जाहीर केला होता, आणि न्यायालयाने आदेश देऊनही सर्व्हर पूर्णपणे तपासू दिले नव्हते. नायजेरियात २०२३ मध्ये ओळख पटवणाऱ्या यंत्रानेच निकालपत्रकाचे छायाचित्रही पाठवायचे होते. अध्यक्षपदाची छायाचित्रे वेळेवर संकेतस्थळावर चढली नाहीत आणि संशय तिथूनच वाढला.

यावर पूर्वपक्ष म्हणेल, नियम कडक करा. ठशाविना पडलेले मत बादच ठरवा. अफगाणिस्तानने २०१९ मध्ये नेमके तेच केले. नोंदलेले मतदार सुमारे ९६ लाख, वैध ठरलेली मते १८ लाखांच्या आसपास. तालिबानच्या धमक्यांमुळे मतदान मुळातच कमी झाले होते, हे खरे. पण लाखाहून अधिक मतांच्या नोंदीवर मतदानाच्या वेळेबाहेरची वेळ दिसत होती, म्हणजे ज्या यंत्राने वाद मिटवायचा त्याच्या नोंदीच वादात सापडल्या. निकालाला जवळपास पाच महिने लागले, आणि ९ मार्च २०२० ला काबूलमध्ये अश्रफ घनी आणि अब्दुल्ला अब्दुल्ला या दोन्ही उमेदवारांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली.

शिवाय या कडक नियमाची किंमत कोण मोजतो? २०१५ मध्ये नायजेरियाचे अध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्याच बोटांचे ठसे यंत्राने ओळखले नाहीत. ते अध्यक्ष होते, आणि हाताने नोंद करण्याची सोयही होती. आपल्याकडे रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा उमटत नाही तो प्रामुख्याने शेतमजुरांचा, विटा उचलणाऱ्यांचा आणि म्हाताऱ्यांचा. धान्य पुढच्या खेपेला तरी मिळू शकते; मतदानाचा दिवस पाच वर्षांनी येतो. एका बोगस मताला अडवताना खऱ्या मतदाराला परत पाठवणारी व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही.

मग विश्वास कशाने येतो? उत्तर केनियानेच २०२२ मध्ये दिले. आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांची ३४ए पत्रके जनतेसाठी संकेतस्थळावर खुली केली. वृत्तपत्रांना, पक्षांना, कुणालाही स्वतः बेरीज करता आली. अध्यक्षपदाच्या लढतीत रुटो यांना ५०.४९ टक्के आणि ओडिंगा यांना ४८.८५ टक्के, इतकी चुरस. सातपैकी चार आयुक्तांनी निकाल अमान्य केला, तरी न्यायालयाने तो एकमताने कायम ठेवला, कारण पडताळायला कागद सर्वांपुढे होता.

भारतातही असा कागद आहे. प्रत्येक केंद्रावर किती मते पडली याचा हिशेब ‘फॉर्म १७सी’मध्ये लिहिला जातो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. मतदारांना मात्र तो पाहायला मिळत नाही. संकेतस्थळावर टाकण्याच्या मागणीला निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. अंगठ्याच्या यंत्रांवर एक रुपया खर्च करण्याआधी हा फॉर्म खुला करावा.