कोमेदाचा जाझ

श्रोतेहो, कलेवरील बंदी उठली म्हणजे कला आपोआप स्वतंत्र होते काय? या प्रश्नाचें एक उत्तर पोलंडच्या जाझ संगीताच्या इतिहासांत सांपडतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशांत जी राजवट आली, तिला अमेरिकेंत जन्मलेलें हें संगीत पाश्चात्त्य अधःपाताचें लक्षण वाटे. स्टालिन १९५३ मध्यें वारला. तोंपर्यंत जाझ बहुधा खाजगी घरांतूनच वाजे. रसिकांनीं पुढें त्या दिवसांना 'भुयारांचा काळ' असें नांव दिलें.

पोझनान शहरीं क्शिश्तोफ त्शचिन्स्की नांवाचा तरुण वैद्यकाचा अभ्यास करी व पियानो वाजवी. रुग्णालयांतील सहकाऱ्यांना या छंदाची वार्ता लागूं नये, म्हणून त्यानें 'कोमेदा' हें टोपणनांव घेतलें. जून १९५६ मध्यें पोझनानांत कामगारांचा उठाव झाला व तो रणगाडे आणून चिरडण्यांत आला. पुढें दोनच महिन्यांनीं समुद्रकांठच्या सोपोत गांवीं पहिला जाझ महोत्सव भरला, आणि २५ वर्षांचा कोमेदा पांच साथीदारांसह तेथें उघडपणें वाजवावयास बसला.

बंदी सैल झाली होती. परंतु स्वर अद्यापि उसना होता. वादन नीटस व संयत असलें, तरी त्यावर अमेरिकन वादकांची छाया स्पष्ट होती. अनुकरण ही शिकण्याची पहिली पायरी. पुष्कळांची तीच शेवटचीही ठरते. कोमेदा मात्र तेथें थांबला नाहीं. रोमान पोलान्स्कीच्या 'पाण्यांतील सुरी' या १९६२ च्या चित्रपटाला त्यानें संगीत दिलें, तेव्हां मोजक्या स्वरांत मनःस्थिति उभी करण्याची हातोटी त्याला साधली होती.

डिसेंबर १९६५ मध्यें वॉर्सा येथें ध्वनिमुद्रित झालेली 'ॲस्टिग्मॅटिक' ही तबकडी या परिश्रमांचें फळ होय. वैद्यानें तिला दृष्टिदोषाचें नांव द्यावें, हें शोभण्यासारखेंच आहे. तींत रचना तीनच. पैकीं एकीनें सबंध एक बाजू व्यापली आहे. ट्रंपेटवर २३ वर्षांचा तोमाश स्तांको, सॅक्सोफोनवर झ्बिग्न्येव नामिस्वोव्स्की. ठेका मध्येंच मोडतो, लय चढते, ओसरते. प्रत्येकाच्या उपजेला पूर्ण वाव मिळतो, तरी रचनेचा धागा तुटत नाहीं. येथें कोणाची छाया शोधूं गेल्यास ती सहसा सांपडत नाहीं.

कोमेदा २३ एप्रिल १९६९ रोजीं, अडतिसाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधीं, निवर्तला. स्तांको त्याला विसरला नाहीं. १९९७ मध्यें त्यानें कोमेदाच्या रचनांची स्वतंत्र तबकडी प्रसिद्ध केली.

सोपोतपासून 'ॲस्टिग्मॅटिक'पर्यंत नऊ वर्षें लोटलीं. श्रोतेहो, परवानगीनें कलावंताला व्यासपीठ मिळतें. स्वतःचा स्वर मात्र त्याचा त्यालाच मिळवावा लागतो.