दिव्याखालचा हिशेब

पनवेल हे मुळातच गाड्या उभ्या करायचं गाव. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. तेव्हापासून मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस बोटीनं पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि पुढे बैलगाडी किंवा टांगा करायचा. देशावरचा माल घाट उतरून इथे यायचा आणि गलबतांत चढायचा. गाड्या एवढ्या, की बैलगाडीची चाकं बनवणं हाच गावातला नावाजलेला धंदा होता. रात्री बैल सोडलेले, गाड्या रांगेत उभ्या आणि आसाखाली टांगलेला एखादा कंदील. आजच्या भाषेत सांगायचं तर ते पनवेलचं पहिलं पार्किंग.

१८६३ मध्ये रेल्वेनं बोरघाट ओलांडला, पण ती गेली कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. मग एसटी आली, महामार्ग आले, कळंबोलीत ट्रकांच्या रांगा लागल्या, १९९८ मध्ये हार्बरची लोकल आली आणि गाव पुन्हा वाहनांनी भरलं. आज नवीन पनवेल, कामोठे, खारघरमध्ये कोणत्याही सोसायटीच्या सभेला जा, निम्मी भांडणं पार्किंगची असतात.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी भांडण पार्किंगच्या जागेचं नव्हतं, तिथल्या दिव्यांचं होतं. उघड्या पार्किंगमध्ये चौदा खांब. त्यांतले मागच्या भिंतीलगतचे चार बंद, कारण जमिनीखालची केबल खराब झालेली आणि वर काँक्रीट. उरलेल्या दहांवर जुने सोडियमचे पिवळे दिवे. कमिटीत तिशीच्या आतली मी एकटीच, त्यामुळे ‘सोलरचं काय ते बघ’ हे काम माझ्याकडे आलं. कोटेशन मागवली. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत एकच वचन होतं: लाइट बिल शून्य.

आकडेमोड मी करणारच होते. पण त्याआधी एक प्रश्न डोक्यात बसला. रस्त्यावरचा दिवा ‘स्वस्त’ झाला, असं याआधी कितीदा म्हटलं गेलंय? आणि तो स्वस्त झाला तेव्हा खर्च खरंच संपला, की कुठेतरी सरकला?

तेल, वात आणि शिडी

१८५० च्या सव्विसाव्या कायद्यानं गावांना स्वतःची नगरपालिका स्थापण्याची मुभा दिली. पालिकेनं काय करायचं याच्या यादीत रस्ते बांधणं, झाडणं, पहारा ठेवणं यांच्याबरोबर दिवे लावणंही होतं. दोनच वर्षांत, १८५२ मध्ये, पनवेलची नगरपालिका स्थापन झाली. राज्यातल्या सर्वांत जुन्या पालिकांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

त्या काळी दिव्यात खोबरेल, करंजेल किंवा एरंडेल जळायचं. १८७०-८० नंतर आधी अमेरिकेतून आणि मग रशियातल्या बाकूहून रॉकेल येऊ लागलं आणि तेलाचा खर्च उतरला. पण दिवा आपोआप पेटत नव्हता. रोज संध्याकाळी कुणीतरी खांद्यावर शिडी घेऊन निघायचं, काच पुसायची, वात कापायची, तेल भरायचं, पेटवायचं आणि सकाळी विझवायचं. ‘दिवाबत्ती’ म्हणायचे ते याच कामाला. ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी-पाणीपट्टीच्या शेजारी दिवाबत्ती कर अजूनही दिसतो. आपल्या पूर्वजांना हे नीट कळत होतं, की आपण दिव्याच्या वस्तूचे पैसे भरत नाही, दिवा लावण्याच्या कामाचे भरतो.

खाडीपलीकडे मुंबईत १८६५ मध्ये गॅसचे दिवे आले. तेल भरण्याची कटकट गेली, पण गॅसचा कारखाना आणि जमिनीखालच्या नळ्या आल्या. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळलं. लोक बघायला आले असतील, यात नवल नाही. पण ज्या कंपनीनं दिवे लावले ती पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट परत गॅसवर गेलं. दिव्यात काही खोट नव्हती. तो चालू ठेवणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

ही गोष्ट वाचली आणि कोटेशनांकडे बघण्याची माझी नजर बदलली. प्रत्येकात दिव्याचं वर्णन पानभर होतं. पाच वर्षांनंतरचं वाक्य कुठेच नव्हतं.

वीज दूर गेली, मग छतावर आली

१९१५ मध्ये पनवेलहून तासाभराच्या अंतरावर, खोपोलीत, टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी घाटाखाली सोडायचं आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. प्रकाश आणि इंधन यांची इथे पहिल्यांदा ताटातूट झाली. दिवा इथे आणि त्याचं ‘तेल’ डोंगरापलीकडे. शिडीवाला माणूस गेला, बटण आलं आणि महिन्याला बिल. १९६० नंतर वीज मंडळानं तारा गावोगाव नेल्या. ही व्यवस्था किती दूरवर अवलंबून आहे, हे २००५ नंतरच्या भारनियमनात राज्यानं अनुभवलं. दिवा, बटण, तार सगळं घरात होतं, वीज तेवढी नव्हती.

सौर घटाची गोष्ट याला समांतर चालली होती. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं सिलिकॉनचा सौर घट दाखवला. पडलेल्या उन्हातलं जेमतेम सहा टक्के विजेत बदलायचा. एवढा महाग, की परवडायचा तो उपग्रहांना, १९५८ च्या ‘व्हॅनगार्ड १’ सारख्या. आज बाजारातलं साधं पॅनल वीस टक्क्यांच्या वर काम करतं.

एलईडीचंही तसंच. लाल एलईडी १९६२ चा, पण पांढऱ्या प्रकाशासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो चांगला जमायला नव्वदचं दशक उजाडलं. ते जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपलं सरकार एलईडी बल्ब ३१० रुपयांना घाऊक विकत घेत होतं. २०१६ मध्ये तो भाव ३८ रुपयांवर आला. ५ जानेवारी २०१५ ला रस्त्यावरचे दिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि देशभर एक कोटीहून जास्त दिवे बदलले. आपल्या पिढीचं बालपण पिवळ्या सोडियमखाली गेलं आणि तारुण्य पांढऱ्या एलईडीखाली.

आता आमचे चौदा खांब

एका खांबाचा हिशेब करू. युनिटला सगळं धरून दहा रुपये मानू, म्हणजे तुमच्या बिलाप्रमाणे आकडा बदलून बघणं सोपं जाईल.

जुना ७० वॅटचा सोडियम दिवा, चोकसकट साधारण ८४ वॅट. रोज बारा तास. वर्षाला ३६८ युनिट, ३,६८० रुपये.

त्याच खांबावर ३० वॅटचा एलईडी. वर्षाला १३१ युनिट, १,३१० रुपये.

तोच एलईडी रात्री अकरानंतर ३० टक्क्यांवर मंद केला, तर रोज सुमारे २०० वॅट-तास. वर्षाला ७३ युनिट, ७३० रुपये.

३,६८० वरून ७३०. म्हणजे ऐंशी टक्के बचत, आणि यात सोलर अजून आलेलंच नाही. सोलर आल्यावर वाचणार ते उरलेले ७३० रुपये. त्यासाठी प्रत्येक खांबावर बॅटरी लागणार. समजा ती सात हजारांची आहे आणि सात वर्षं टिकली, तर वर्षाला हजार रुपये फक्त बॅटरीचे झाले. बिल शून्य झालं खरं, पण खर्च बिलातून निघून खांबावरच्या पेटीत जाऊन बसला. तेलाचा खर्च जसा कारखान्यात आणि मग तारेत गेला, तसाच.

मग सोलर नकोच का? तसं नाही. आमच्या मागच्या चार खांबांना तारच नाही. ती टाकायची तर काँक्रीट फोडा, चर खणा, केबल टाका, पुन्हा काँक्रीट करा. तिथे खांबावरचा स्वतंत्र सोलर दिवा पहिल्या दिवसापासून स्वस्त पडतो. तो वाचवतो तो खोदाईचा खर्च. विजेची बचत ही वरकड.

जिथे तार आहे तिथे पॅनल खांबावर नको, गच्चीवर हवं. गच्चीवरची वीज नेट मीटरनं ग्रिडमध्ये जाते आणि रात्री तिथूनच परत येते. बॅटरी लागत नाही. लिफ्ट, पंप, जिना, पार्किंग, सगळं त्याच मीटरवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदानही आहे.

पावसाची परीक्षा

चार खांबांसाठी दिवे निवडताना खरा परीक्षक जुलै महिना. मे मध्ये पनवेलला दिवसभराचं मिळून सहा तासांच्या कडक उन्हाएवढी ऊर्जा पडते. जुलै-ऑगस्टमध्ये साधारण निम्मी, आणि मध्येच झड लागली की सलग तीन-चार दिवस सूर्य दिसत नाही. म्हणून हिशेब मे चा करायचा नाही.

रोजचे २०० वॅट-तास, तीन काळ्या दिवसांची सोय आणि बॅटरी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, असं धरलं तर ७५० वॅट-तासांची बॅटरी आणि शंभरेक वॅटचं पॅनल लागतं. दिवा मंद न करता रात्रभर पूर्ण ठेवला, तर बॅटरी १,३५० वॅट-तासांची आणि पॅनलही पावणेदोन-दोनशे वॅटचं. आमच्याकडे आलेल्या एका कोटेशनमध्ये बॅटरीची क्षमता लिहिलेलीच नव्हती. ‘२०० वॅटचा दिवा’ एवढंच ठळक छापलेलं. हा आकडा वाचायचाच नाही. लुमेन किती, बॅटरी किती वॅट-तासांची, पॅनल किती वॅटचं आणि बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, हे चार प्रश्न लेखी विचारायचे. बॅटरी लिथियम फॉस्फेटची असावी, जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीपेक्षा ती बरीच जास्त टिकते. दिवा, पॅनल, बॅटरी एकाच डब्यात असेल, तर पॅनल हवं तसं दक्षिणेकडे तिरकं करता येत नाही आणि मे मध्ये तापलेल्या पॅनलखाली बॅटरी शिजत राहते.

दिवा मंद करायला सभेत विरोध झाला, आणि तो बरोबरच होता. आमच्या वरच्या मजल्यावरची ताई नर्स आहे. पाळी संपवून रात्री साडेबाराला लोकलमधून उतरते आणि स्कूटर लावते त्या मागच्याच भिंतीपाशी. ती म्हणाली, “तुमची बचत माझ्या वेळेतच का?” या प्रश्नाला आकड्यांत उत्तर नव्हतं. उत्तर सेन्सरमध्ये मिळालं. कुणी नसताना दिवा मंद, माणूस आत आला की पूर्ण. तिच्याच सांगण्यावरून दोन दिव्यांमधला काळोखा पट्टाही मोजला. खांबाच्या उंचीच्या तीन-चार पटींपेक्षा अंतर जास्त असेल, तर कितीही प्रखर दिवा लावा, मध्ये अंधार राहतोच. उलट डोळे दिपल्यामुळे तो जास्त गडद वाटतो.

शिडी कुणाकडे?

शेवटी ठरलं ते असं. दहा खांबांवर सेन्सरचे एलईडी, मागच्या चारांवर स्वतंत्र सोलर, आणि गच्चीवरचं पॅनल पुढच्या आर्थिक वर्षात. सभेच्या वृत्तांतात मी आणखी दोन ओळी घालायला लावल्या. पॅनल दर महिन्याला पुसायचं, कारण कळंबोली-तळोज्याच्या बाजूची धूळ आठवड्याभरात थर धरते. आणि बॅटरी बदलण्यासाठी दर वर्षी वेगळी रक्कम बाजूला टाकायची.

या दोन ओळींवर चर्चा झाली ती दिव्यांपेक्षा जास्त वेळ. “एवढा आधुनिक दिवा आणि तो पुसायला माणूस?” असं एक काका म्हणाले. पण खेडोपाडी जाताना बघा, खांबावर पॅनल शाबूत असतं, पेटी उघडी आणि बॅटरी गायब किंवा मेलेली. तो दिवा लावताना फोटो निघालेला असतो. नंतर त्याचं कुणी नसतं.

२०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली तेव्हा सिडकोच्या वसाहतींबरोबर आसपासची २९ गावंही तिच्यात आली. त्या गावांत पूर्वी दिवाबत्तीचा कर वेगळा दिसायचा. आता तो मोठ्या बिलात विरघळून जाईल आणि दिवा लागणं हे काम आहे, हेही हळूहळू विसरलं जाईल. आमच्या वॉचमनकाकांच्या पगारात आता महिन्याला चार पॅनल पुसण्याचे वेगळे पैसे आहेत. खजिनदारांनी विचारलं, हिशेबाच्या वहीत ही रक्कम कोणत्या नावाखाली टाकू? मी म्हटलं, ‘दिवाबत्ती’ लिहा.